पडदा आणि पंगत : एका चैनीच्या चित्रपटगृहाचा अभ्यास

चित्रपट पाहायला गेलेला मनुष्य नेमके काय विकत घेतो, असा प्रश्न आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी गेल्या वर्षी ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ हे प्रकरण शिकवताना वर्गाला विचारला होता. कोणी म्हणाले करमणूक, कोणी म्हणाले तीन तासांची खुर्ची. मागच्या बाकावरून कोणी तरी ‘एसी’ असे उत्तर दिले आणि सारा वर्ग हसला. तास संपला, प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. पुढे दिवाळीच्या सुट्टीत मुंबईतील एका चैनीच्या चित्रपटगृहात जाण्याचा योग आला, तेव्हा मागच्या बाकावरचे ते उत्तर वाटले तितके चुकीचे नव्हते हे ध्यानात आले. त्या एका रात्रीचा हा अभ्यास आहे. त्यात घरच्या माणसांचा उल्लेख वारंवार येईल. त्याला इलाज नाही, कारण मी ती रात्र आमच्या आप्पांच्या डोळ्यांनी पाहिली.

आमचे आप्पा तालुक्याच्या गावातील टॉकीजमध्ये सव्वीस वर्षे डोअरकीपर होते. २००९ साली टॉकीज बंद पडले. आता तेथे मंगल कार्यालय आहे. या वर्षी आप्पांना साठ वर्षे पूर्ण झाली. दादा मुंबईला नोकरी करतो. तो म्हणाला, “आप्पा, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांना जागा दाखवलीत, आता एकदा तुम्ही बसा.” असे आम्ही चौघे त्या शनिवारी रात्री मुंबईतील एका मोठ्या मॉलच्या वरच्या मजल्यावर पोहोचलो.

उपाहारगृहात जन्मलेला सिनेमा

चित्रपटगृहातच उपाहारगृह असणे हे नव्या जमान्याचे फॅड आहे असे आपल्याला वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ल्युमिए बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून आपली चलच्चित्रे दाखवली, ती ‘ग्रां काफे’ नावाच्या उपाहारगृहाच्या तळघरात. त्या दालनाचे नावही योगायोगाने ‘भारतीय दालन’ असेच होते. एक फ्रँक देऊन तेहतीस माणसे आत गेली. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, हीच चित्रे मुंबईला आली आणि तीही वॉटसन हॉटेलात. दर एक रुपया होता. म्हणजे परदेशात काय आणि आपल्या देशात काय, सिनेमाचे पहिले पाऊल खाण्यापिण्याच्या जागीच पडले.

मात्र हॉटेलात तो फार दिवस राहिला नाही. १४ जुलैपासून हे खेळ मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरमध्ये होऊ लागले आणि लवकरच तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर लागले. माझ्या मते ही लहान घटना फार महत्त्वाची आहे. एक रुपयाचा एकच दर होता तोवर सिनेमा ठरावीक लोकांचा होता. चार आण्यांचे तिकीट निघाले आणि तो सर्वांचा झाला. अर्थशास्त्रात ज्याला आपण मूल्यभेद म्हणतो, त्याचे हे सरळ उदाहरण आहे. वस्तू एकच, गिऱ्हाईक निराळे, म्हणून किंमत निराळी. पुढे शंभर वर्षे आपली चित्रपटगृहे याच तत्त्वावर चालली. पुढचे तिकीट, मधले तिकीट, बाल्कनी. पडदा सर्वांना एक.

श्रीमंती थाटाची चित्रपटगृहेही नवी नाहीत. कुलाब्याचे ‘रीगल’ १९३३ सालचे, चर्चगेटचे ‘इरॉस’ १९३८ सालचे. इरॉसच्या इमारतीत तर उपाहारगृह होते, नाचाचे दालन होते. परंतु तेथील मुख्य सभागृहात बाराशेंवर खुर्च्या होत्या. इतक्या खुर्च्या भरायच्या तर सर्व थरांतील माणसे बोलावणे भागच होते. तेच इरॉस अनेक वर्षे बंद राहून २०२४ साली नव्या रूपात उघडले, तेव्हा खुर्च्या तीनशेच्या आसपास उरल्या.

आसनापाशी जेवण आणून देण्याची आजची पद्धत १९९७ च्या सुमारास रूढ होऊ लागली. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात ‘अलामो ड्राफ्टहाउस’ त्या साली सुरू झाले. त्याच वर्षी दिल्लीत साकेत येथे ‘पीव्हीआर अनुपम’ हे भारतातील पहिले मल्टिप्लेक्स उघडले. पुढे २०११ साली दिल्लीच्याच वसंत कुंज भागात ‘डायरेक्टर्स कट’ निघाले. पाय लांब करून निजता येईल अशी आसने, आसनाला घंटीचे बटण आणि आवारातच उपाहारगृह, हा नमुना नंतर मुंबईसह अनेक शहरांत गेला. आम्ही गेलो ते चित्रपटगृह याच जातीचे.

दारापासून आसनापर्यंत

दारापाशीच आप्पांची पंचाईत झाली. तिकीट दादाच्या मोबाइलमध्ये होते. दारावरच्या मुलीने त्यावर यंत्र धरले, यंत्र ‘टुंई’ असे वाजले आणि ती हसून म्हणाली, “या सर.” आप्पा हात पुढे करून तसेच उभे राहिले. मला आधी कळले नाही. मग लक्षात आले की ते तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याची वाट पाहत होते.

आमच्या टॉकीजमध्ये तिकीट फाडून अर्धे प्रेक्षकाला देत आणि अर्धे डोअरकीपर ठेवून घेई. आप्पा ही अर्धुके तारेत ओवीत. खेळ सुटल्यावर ती मोजून बुकिंग क्लार्कच्या हिशेबाशी ताडून पाहायची. एक जरी कमी-जास्त झाले तरी मॅनेजरपुढे उभे राहावे लागे. लहानपणी त्या गुलाबी, पिवळ्या, हिरव्या अर्धुकांवरून मी रंग शिकले. गुलाबी पुढचे, पिवळे मधले, हिरवी बाल्कनी. त्या रात्री आमच्या हातात कोणताच रंग आला नाही.

खेळाला अवकाश होता म्हणून आधी तिथल्या उपाहारगृहात बसलो. मंद दिवे, मऊ कोच, भिंतीवर जुन्या चित्रपटांची चित्रे. खाद्यपदार्थांची यादी पुठ्ठ्याच्या बांधणीची, एखाद्या क्रमिक पुस्तकाएवढी जाड. आईने ती उघडली आणि उजवीकडचे आकडे वाचून मिटून ठेवली. “तुम्हीच काय ते सांगा,” म्हणाली. शेवटी दादाने सूप, चीज घातलेले पाव आणि आईसाठी बटाटेवडे सांगितले व ते सर्व आत आसनापाशी आणून द्यायला सांगितले.

आत गेलो तर छत्तीस आसने. मी दोनदा मोजली. दोन-दोनांच्या जोड्या, मध्ये लहान मेज, त्यावर झाकलेला दिवा, घडी केलेली शाल. बटण दाबले की पाठ मागे जाई आणि पाय वर येत. आईचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. ती पाय लांब करून बसली आणि डोळे मिटून म्हणाली, “हे मात्र बरं आहे गं.” हे वाक्य मी मुद्दाम नोंदवते, कारण अभ्यास करणाराने एका बाजूचेच लिहू नये. तेथील स्त्रियांचे स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ होते. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये आई तीन तास पाणी पीत नसे, ते का हे इथल्या विद्यार्थिनींना सांगावे लागणार नाही. तिथे गर्दीत अंगचटीला येणाऱ्यांचा उपद्रव होता, येथे तो नव्हता. जुन्या टॉकीजच्या आठवणी काढून हळहळणारे लेखक बहुधा पुरुष असतात, एवढे या ठिकाणी म्हणून पुढे जाते.

अंधारातला वाढपी

चित्रपट सुरू झाला. दहा-पंधरा मिनिटांनी एक मुलगा कमरेत वाकून, जवळजवळ ओणवा होऊन, हातात तबक घेऊन आला. कोणाला पडदा अडू नये म्हणून ही मंडळी अशी चालतात. त्याने ताटल्या मांडल्या. आईच्या पुढ्यात पांढऱ्या चौकोनी ताटलीत तीन वडे आले, प्रत्येक लिंबाएवढा. किंमत चारशे वीस रुपये.

आप्पा पडद्याकडे पाहतच नव्हते. ते त्या मुलाकडे पाहत होते. तो पुढच्या रांगेकडे वळला तेव्हा आप्पा त्याला हळूच म्हणाले, “पोरा, इतका वाकू नकोस. छत्तीस खुर्च्यांत कुणाला अडत नाही. पाठ जाईल तुझी.” पोरगा क्षणभर थांबला. असे त्याला कोणी बोलले नसावे.

मध्यंतरात आप्पा सवयीने उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. मीही गेले. तोच मुलगा तेथे होता. आप्पांनी गाव विचारले. तो बुलढाणा जिल्ह्यातला निघाला, बारावी झालेला. आप्पांनी विचारले, “पिक्चर कसा आहे पुढं?” तो म्हणाला, “काका, रोज पाच शो असतात, पण मी सलग कधी बघितला नाही. दुसऱ्या गाण्याला सूप जातं, मारामारीला पिझ्झा जातो आणि शेवट चालू असताना बिलं द्यायची असतात. शेवट मला माहीतच नाही.” आप्पा मोठ्याने हसले. त्यांचेही आयुष्य असेच गेले होते. सव्वीस वर्षांत त्यांनी बहुतेक चित्रपट दारात उभे राहून, मधूनच, तुकड्या-तुकड्यांनी पाहिले. सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांना बॅटरीने जागा दाखवायच्या आणि शेवटी दारे उघडायची. त्या दोघांचे जे पाच मिनिटे बोलणे चालले ते ऐकताना मला वाटले की या इमारतीत आप्पांना ओळखीचे असे एकच माणूस भेटले.

खेळ पुन्हा सुरू झाला. नायकाच्या वडिलांचा मृत्यू होतो असा प्रसंग होता. चित्रण चांगले होते, माझेही डोळे भरून आले. परंतु त्याच वेळी डावीकडून काटे-चमच्यांचा किणकिणाट येत होता. आईच्या हातात शेवटचा वडा होता. तो तिने परत ताटलीत ठेवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “समोर माणूस गेलाय आणि आपण खायचं कसं?” ती खेळ संपेपर्यंत काही खाऊ शकली नाही. तिच्या दृष्टीने पडद्यावर मेलेला माणूसही माणूसच होता आणि त्याच्यासमोर खाणे तिला बरे वाटेना.

हिशेब

आता थोडे अर्थशास्त्र. तिकीट प्रत्येकी अकराशे रुपये, म्हणजे चौघांचे चार हजार चारशे. खाण्याचे बिल तीन हजार दोनशे चाळीस. एकूण सात हजार सहाशे चाळीस. टॉकीज बंद पडले त्या महिन्यात आप्पांचा पगार तीन हजार दोनशे रुपये होता. त्या वेळेपासून रुपयाचे मोल बरेच उतरले असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही. तरीही ‘खाण्याचेच बिल माझ्या एका पगाराएवढे’ हे आप्पांनी लिफ्टमध्ये काढलेले उद्गार मला विसरता येत नाहीत.

चित्रपटगृहे खाण्यावर एवढा भर का देतात? तिकिटाचा सगळा पैसा चित्रपटगृहाला मिळत नाही. त्यातून कर जातो आणि उरलेल्यातील वाटा वितरकाला द्यावा लागतो. २००९ साली याच वाट्यावरून निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात तंटा होऊन सुमारे दोन महिने मोठे नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नव्हते. तडजोडीत पहिल्या आठवड्याला वितरकाचा वाटा ५० टक्के ठरला आणि पुढील आठवड्यांत तो उतरत जावा असे ठरले. खाद्यपदार्थांच्या विक्रीत मात्र वितरकाचा वाटा नसतो. ती सारी चित्रपटगृहाची. म्हणूनच देशातील मोठ्या मल्टिप्लेक्स व्यवसायात उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाद्यपेयांतून येतो. चित्रपट आणि खाणे या पूरक वस्तू आहेत असे पाठ्यपुस्तक सांगेल. येथे मात्र कोणती वस्तू कोणाला पूरक, हाच प्रश्न पडतो.

करांची रचनाही पाहण्यासारखी आहे. शंभर रुपयांवरील तिकिटाला वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. चित्रपटगृहात स्वतंत्रपणे विकलेले खाणे ही उपाहारगृहाची सेवा समजून त्यावर ५ टक्के कर घ्यावा, असे जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने स्पष्ट केले. बाहेरचे खाणे आत नेऊ देण्याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चित्रपटगृह ही मालकाची खाजगी मालमत्ता असल्याने बाहेरचे पदार्थ आणण्यास तो मनाई करू शकतो, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी फुकट दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलाचे खाणे आणू दिले पाहिजे, असा निर्णय ३ जानेवारी २०२३ रोजी झाला. कोणते चित्रपटगृह निवडायचे हा हक्क प्रेक्षकाला आहेच, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण ज्या गावातले एकुलते एक टॉकीज बंद पडले, तेथील प्रेक्षकाने निवड कशातून करायची?

आणखी एक हिशेब. छत्तीस आसने, अकराशे रुपये दर. घर भरले तर एका खेळाचे एकोणचाळीस हजार सहाशे. आमच्या टॉकीजला सहाशे बारा खुर्च्या होत्या. शेवटच्या वर्षी सरासरी दर पंचवीस रुपये धरला तर भरलेल्या घराचे पंधरा हजार तीनशे होतात आणि घर तर रविवारखेरीज भरत नसे. सहाशे बारा माणसांपेक्षा छत्तीस माणसे अधिक पैसा देतात, हे एकदा व्यापाऱ्याला कळले की तो सहाशे बारा खुर्च्या कशाला मांडील? यात कोणाचे कपट नाही, हिशेब आहे. परंतु या हिशेबात पाचशे शहात्तर माणसे बाहेर राहतात.

काय मिळाले, काय गेले

जुन्या टॉकीजमध्ये समता नांदत होती असे मी म्हणणार नाही. तेथेही पुढच्या तिकिटाचे दार वेगळे होते आणि बाल्कनीचा जिना वेगळा. पुढे बसणाऱ्यांना पंखा नव्हता. पण विनोद झाला की वरचे आणि खालचे एकदम हसत, आणि वरच्यांना खालच्यांच्या शिट्ट्या ऐकाव्याच लागत. मध्यंतरात एकाच खिडकीवर वड्यासाठी सर्वांची झुंबड उडे आणि खेळ सुटल्यावर सारे एकाच रस्त्याला लागत. मूल्यभेद एका छपराखाली होता. आज प्रत्येक किंमतीला वेगळे छप्पर आहे आणि सर्वांत कमी किंमतीच्या माणसाला छप्परच उरलेले नाही. त्याला मोबाइलचा वीतभर पडदा उरला आहे.

त्या रात्री विनोदी प्रसंगाला हशा झाला, पण तो सात-आठ कोपऱ्यांतून सुटा-सुटा आला. आपल्याकडे एका ओळीत बसून एकच अन्न खाणे याला पंगत म्हणतात. तेथे अन्न उत्तम होते, वाढपी विनयशील होता, परंतु पंगत नव्हती. सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की त्या अकराशे रुपयांत चित्रपटाचे मोल थोडे. स्वच्छता, आराम आणि अदब यांचे बरेच. आणि इतर माणसे जवळ नसण्याचे सर्वांत जास्त. पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक प्रेक्षकाला मिळायला हव्यात. त्या मिळवण्यासाठी चौथी विकत घ्यावी लागते, हे मला खटकते.

एक सूचना

लेख नुसत्या तक्रारीवर संपवू नये असे सर सांगतात, म्हणून शेवटी एक सूचना करते. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ ही संस्था १९६८ पासून आहे. चांगले चित्रपट एकत्र बसून पाहण्याची आणि नंतर त्यांवर बोलण्याची सवय अशा मंडळांनी लावली. आपल्या महाविद्यालयाला सभागृह आहे, पडदा आहे, प्रक्षेपक आहे. हे सगळे स्नेहसंमेलनाचे चार दिवस सोडले तर कुलूपबंद असते. महिन्यातून एक शनिवार, रीतसर परवानगी घेऊन, एक चांगला चित्रपट दाखवावा. दर नाममात्र ठेवावा आणि गावातील कोणालाही येऊ द्यावे. मध्यंतरात कँटीनचा वडा सर्वांना एकाच दराने मिळावा. मात्र मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आधी करावी आणि चित्रपट मागाहून दाखवावा.

ही कल्पना मी आप्पांना सांगितली. त्यांनी फार काही म्हटले नाही. एवढेच विचारले, “तिकीट कागदाचं असेल ना?” मी होय म्हटले. तेव्हा म्हणाले, “मग दारावर मी उभा राहीन. आणि तुमच्या कँटीनच्या पोराला सांग, मध्यंतरानंतर दुकान बंद ठेवायचं आणि आत येऊन शेवट बघायचा.”

वाचक मित्रांनी आणि प्राध्यापक मंडळींनी या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)